तिसरा हात

१४ नोव्हेंबर, दुपार
परिषदेचं हॉटेल, चौथा मजला

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील. वहिनीच्या घशाला आराम पडला का? डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं नाही म्हणून बजावलंय, ते ती पाळते का? न बोलता तुझ्याशी भांडते कशी, हे मला एकदा येऊन बघायचंय.

मी ठीक आहे. खोली चांगली आहे, खिडकी मात्र उघडत नाही. जेवण मिळमिळीत, पण वेळेवर. सकाळपासून ब्रेलपाटी घेऊन बसले आहे. किती वर्षांनी टोचणी हातात धरली! तू अकरा वर्षांचा आणि मी सहा, तेव्हा तुझी नजर गेली आणि तुझ्याबरोबर मीही ही लिपी शिकले, का तर आईला वाचता येऊ नयेत अशा चिठ्ठ्या लिहिता याव्यात म्हणून. आता बोटं दुखायला लागलीत. अक्षर वेडंवाकडं असेल, चालवून घे. आणि काही ठिकाणी टिंब नखाने दाबून सपाट केल्याचं तुझ्या बोटांना लागेलच. तिथे मी आधी वेगळं काहीतरी लिहिलं होतं.

पत्रास कारण की, असं इथे लिहायचं असतं. येते त्याच्यावर.

आधी परिषदेची हकिगत. ग्रंथालयांच्या महासंघातर्फे आम्ही पाच जण आहोत. आमच्या अध्यक्ष म्हणजे बाई, त्यांच्याबद्दल तुला सांगितलंच आहे. शिवाय दोन ग्रंथपाल, मी, आणि पलीकडच्या देशातले एक अंध गृहस्थ. स्वतःच्या देशात अंधांसाठीचं ग्रंथालय त्यांनी उभं केलंय. तुझ्या वकिलीच्या अभ्यासाची अकराच्या अकरा पुस्तकं आपल्याच भाषेत ध्वनिमुद्रित करून ज्यांच्या कपाटात पडून आहेत, तेच हे. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी ती पुस्तकं सीमेपलीकडे तुला पाठवली तर आजच्या कॉपीराइटच्या कायद्याने तो गुन्हा ठरतो. तो ठरू नये, एवढ्यासाठी आम्ही नऊ वर्षं जगभर बैठका घालतोय.

पहिल्या दिवशी भाषण माझं होतं. मी तुझी गोष्ट सांगितली. तू रुग्णालयात टेलिफोन सांभाळतोस, हजारावर नंबर तुला पाठ आहेत, आणि चाळिशी ओलांडल्यावर तू कायद्याला नाव घातलंस. पहिल्या वर्षाची पुस्तकं वहिनीने कामावरून आल्यावर रोज तीन-तीन तास मोठ्याने वाचली, वर्षभर, शेवटी तिच्या घशात गाठी आल्या आणि आवाज बसला, तेही सांगितलं. तुला न विचारता सांगितलं. सभागृह उभं राहिलं, दादा. टाळ्या थांबेनात. प्रकाशकांच्या वकिलांनी तर येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. माणूस अतिशय सभ्य.

दुसऱ्या दिवशी त्याच सभ्य माणसाने कराराच्या मसुद्यात घालायला एक ओळ आणली. 'पाठ्यपुस्तके व परीक्षोपयोगी ग्रंथ वगळून.' म्हणाले, "एवढं घाला, बाकी सगळ्यावर आम्ही सही करतो. नाहीतर आम्ही उठतो."

आम्ही पाच जण बाजूच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.

बाई म्हणाल्या, "आता उठलो तर पुन्हा इथवर यायला दहा वर्षं. तोवर मी नसेन. कथा-कादंबऱ्या, चरित्रं, कविता, एवढं सगळं मिळतंय. नाही म्हणायचं?"

काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे आमचं मन रमवायची सोय झाली. शिकायचं काम मात्र डोळसांनीच करायचं."

तासभर वाद झाला. बाई आणि एक ग्रंथपाल बाजूने, काका आणि दुसरी ग्रंथपाल विरुद्ध. मग बाईंनी हात वर करायला सांगितले आणि मोजून म्हणाल्या, "तीन विरुद्ध दोन. ओळ मान्य."

काकांनी मान वळवली. "तिसरा हात कुणाचा?"

"असं नाव घेऊन सांगायची पद्धत नाही," बाई म्हणाल्या.

काका माझ्या शेजारीच बसले होते. माझा हात अजून खाली आला नव्हता.

हो दादा. माझाच.

तुला आता कारण हवं असेल. मी स्वतःला सांगितलं की मी लाखो लोकांचा विचार केला, एकट्या भावाचा नाही. भाषणात शोभेल असं वाक्य आहे. खरं सांगू? मी दमले होते. नऊ वर्षं तेच कागद, तेच विमानतळ, तीच हसरी माणसं. मला ते संपायला हवं होतं. हात वर करताना तू माझ्या डोक्यात नव्हतासच. ज्याच्या नावावर आदल्या दिवशी टाळ्या घेतल्या, तो दुसऱ्या दिवशी आठवलाही नाही.

बाहेर आलो तर काकांनी माझं कोपर धरलं. म्हणाले, "तुमच्या भावाचं ऐकलं तेव्हाच ओळखलं होतं, तुम्ही तरी आमच्याच बाजूने असणार. आभार." दुसरी ग्रंथपालच ऐनवेळी फिरली, असं त्यांनी धरलं होतं.

मी काय म्हणाले माहीत आहे? "पुढे पायऱ्या आहेत, जपून."

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "काय गं ठमे, झालं का?" मी म्हणाले, "झालं दादा, पास झालं." लहानपणी माझ्या नुसत्या 'हो'वरून तू ओळखायचास की मी खोटं बोलतेय. डबा संपवला नसेल तरी ओळखायचास. त्या दिवशी मात्र तू माझा आवाज ऐकलाच नाहीस. तू वहिनीला हाका मारत होतास, "अगं, झालं! पुस्तकं येणार!" आणि ती बोलू शकत नव्हती म्हणून टेबलावर हात आपटत होती. तो आवाज मला इथवर येत होता. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तू राजीनामा दिल्याचं कळवलंस. "बावीस वर्षं इतरांचे फोन जोडले, आता पूर्ण वेळ अभ्यास." त्या क्षणी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. साहेबांकडे गेला असतास आणि कागद परत घेतला असतास. मी म्हणाले, "छान केलंस."

पुढचे चार दिवस मी 'उद्या सांगते' म्हणत काढले. काल धीर करून तुझ्या रुग्णालयात फोन लावला. तुझ्या साहेबांना विनवायचं, राजीनामा दोन दिवस बाजूला ठेवा म्हणायचं, असं ठरवलं होतं. फोन उचलला गेला आणि एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आला. चौकशीसाठी एक दाबा, तपासण्यांसाठी दोन. मी काहीच दाबलं नाही. मग तिसऱ्या खेपेला कार्यालय लागलं. साहेब चांगलं बोलले. "त्यांची फार उणीव भासते हो. पण ती जागाच आता रद्द झाली. आम्ही ते निवृत्त व्हायचीच वाट पाहत होतो, त्यांनी आमचं काम सोपं केलं. तुमचा करार झाला म्हणे. अभिनंदन."

त्यानंतर वाटलं, आपणच वाचून पुस्तकं ध्वनिमुद्रित करून द्यावीत. हिशेब मांडून पाहिला. माझ्या सुट्ट्या धरून अकरा पुस्तकांना साडेतीन वर्षं लागतात. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. काकांना चोरून पाठवा म्हणावं, तर आधी त्यांना सांगावं लागेल की तो तिसरा हात माझा होता. आज नाश्त्याला ते माझ्याच टेबलावर होते. मी त्यांना चहा ओतून दिला आणि कप कुठे आहे ते सांगितलं.

तुझी पुस्तकं येणार नाहीत, दादा. या वर्षी नाहीत आणि बाई म्हणतात ती दहा वर्षं खरी असतील तर त्यानंतरही कुणी सांगावं. हे तुला फोनवर सांगायची माझ्यात हिंमत नाही. तू गप्प बसला असतास, आणि तुझं ते गप्प बसणं मला ऐकवलं नसतं.

माफ कर, असं लिहिलं होतं. ते सपाट केलं. ते तुझ्याकडे मागायचं तोंड माझ्याकडे नाही.

खाली सभागृहात खुर्च्या मांडल्याचा आवाज येतोय. चार वाजता सह्यांचा समारंभ आहे. माझं नाव यादीत चौथं, काकांच्या लगेच नंतर. त्यांचा हात धरून कागदावर सहीची जागा दाखवायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलंय. मी जाणार नाही, असं तुला लिहावं म्हणून मघाशी बराच वेळ टोचणी धरून बसले होते. पण आणखी एक खोटं तुझ्या पदरात घालवत नाही. मी जाणार आहे, त्यांना जागा दाखवणार आहे, आणि त्यांच्याखाली सही करणार आहे.

तुझ्यापुढे उभं राहायला न धजणारी,
ठमी