मागच्या डाव्या दाराची डागडुजी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.
ही बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुक्काम दहा दिवस. जाताना तीन वेळा बजावलं, गाडीला हात लावू नका. गाडी हिची. शाळेतून रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतून घेतली, त्या वयात ड्रायव्हिंग शिकली. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू एकटीच्या नावावर. सात महिने झाले, अजून सीटवरचं प्लास्टिक काढू देत नाही. गाडीची फाइल ड्रॉवरमध्ये आहे, तेवढी वाचा म्हणाली.
मी तीस वर्षं कपाटं बनवतोय. एका हातोडीवर कारखाना उभा केला, फाइल वाचून नाही.
संकल्प: गाडीला हात लावायचा नाही.

३ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.
गाडी लाकडाच्या वखारीपर्यंत नेली. नाइलाज. टेम्पो कामात होता आणि वखारवाला हल्ली मला हलक्यात घेतो. त्याने गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विचारलं काय, तर वहिनींनी दिली का चालवायला. असल्या माणसांशी धंदा करावा लागतो.
फाटकातून वळताना मागे आवाज झाला. टक. माझे कान म्हणजे कान. फळी वाजवून आतली कीड सांगतो. घरी येऊन पाहिलं. मागचं डावं दार, खालची कड, रुपयाएवढा फुगवटा, रंगाला केसासारखा तडा. वखारीच्या फाटकाचा खांबच चुकीच्या जागी रोवलाय.
ही येईपर्यंत दार होतं तसं करायचं. दहा दिवस म्हणजे चैन.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
सर्व्हिस सेंटरला फोन. मित्राची गाडी आहे म्हणून सांगितलं. पलीकडच्या मुलीचा आवाज गोड, बोलणं हेडमास्तरणीचं. बाहेर काम केलंत तर इंजिनाची वॉरंटी जात नाही, म्हणाली, पण त्या दाराच्या रंगाची आणि गंजाची जाते. मित्राला म्हणावं हात लावू नका, आधी आम्हाला आणून दाखवा.
म्हणजे जाऊन जाऊन जाईल एका दाराची. गाडीला दारं चार. आणि मी हात फिरवलेल्या दाराला वॉरंटी लागतेच कशाला? आमच्या बेडरूममधलं कपाट एकवीस वर्षांपूर्वी मीच केलं, अजून उभं आहे. दार लागत नाही, पण तो भिंतीचा दोष.

५ नोव्हेंबर, बुधवार.
गाडी कारखान्यात आणली. पॉलिश पेपर घेऊन फुगवटा घासला. आमचा पॉलिशवाला मिस्त्री, वीस वर्षं माझ्याकडे, माझंच खाऊन मलाच अक्कल शिकवतो. म्हणे, शेठ, हा पत्रा आहे, साग नाही. मी म्हटलं, घासण्याला जात नसते. मग म्हणे, बाईंना विचारलंय का. त्याला स्क्रू मोजायला बसवलं.
रुपयाएवढा डाग घासून बशीएवढा झाला. त्याला म्हणतात पाया मोकळा करणं.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
लांबी भरली. कपाटाच्या खाचा बुजवतो तीच, माझ्या स्वतःच्या मिश्रणाची. एक हात दिला. हाताने दाबून पाहिलं, झक्कास. भरता भरता कंपनीचा निष्काळजीपणा सापडला. दाराच्या खालच्या कडेला तीन भोकं तशीच उघडी सोडलीत. एवढी किंमत घेतात आणि भोकं बुजवायला यांना वेळ नाही. तिन्ही बुजवली. उरलेल्या तीन दारांचीही बुजवली. कंपनीने मला पत्र लिहून आभार मानायला हवेत.
मिस्त्री लांबून बघत होता. स्क्रू मोजून झाले म्हणाला. उलटे मोजायला सांगितले.

८ नोव्हेंबर, शनिवार.
रंग. दुकानदार विचारतो, पांढरा म्हणजे कुठला पांढरा. या देशात माणसांना कामं उरलेली नाहीत. पांढरा म्हणजे पांढरा. कारखान्यात स्वयंपाकघरातल्या कपाटांचा अर्धा डबा पडला होता, तो मारला. ओला असताना हुबेहूब.

९ नोव्हेंबर, रविवार.
वाळला. गाडी सायीसारखी, डाग दह्यासारखा. पंधरा फुटांवरून, ढगाळ हवेत, काही कळत नाही. गाडीजवळ कोण कशाला जातं?
हिचा फोन. बहीण वॉकर घेऊन चालते. माझी गाडी बरी आहे ना, म्हणाली. म्हटलं, तुझ्या गाडीला काय धाड भरलीय. म्हणाली, फाइल वाचलीत का. म्हटलं, चालू आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार.
ऊन पडलं. डाग लांबूनच हाक मारतो. मागच्या गल्लीतल्या डेंटरला दाखवला. लोक त्याला डॉक्टर म्हणतात, आणि तोंडही तसंच करतो, नातेवाइकांना बाहेर थांबवल्यासारखं. बोटाने दार वाजवलं आणि विचारलं, सुतारकाम करता का. कसबी माणसाला कसब ओळखू येतं. नंतर मात्र म्हणाला की हे सगळं खरवडून काढावं लागेल. वॉरंटीचं विचारलं तर म्हणतो, माझी वॉरंटी गल्लीच्या टोकापर्यंत.
हाकलला. म्हणजे मीच निघून आलो.
चूक सापडली. डागाला रंग दिला, दाराला नाही. अख्खं दार एका रंगाचं केलं की फरक दिसणार कशात? दुपारी स्प्रे गनने पूर्ण दार मारलं. काच झाकायची राहिली. हँडलही पांढरं झालं. वाईट दिसत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
पाइप लावून गाडी धुतली. चकचकीत. चारही दारांत डुबुक डुबुक आवाज येतो. ती भोकं पाणी बाहेर जायला असतात, असं मिस्त्री म्हणाला. गेल्या गुरुवारीच का नाही बोललास, विचारलं. म्हणे, स्क्रू मोजत होतो.
संकल्प: गाडी डावी बाजू भिंतीला लावून उभी करायची. कायम.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
ही आली. बॅग खाली ठेवली नाही, भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत शिरली. हिला या वयात तिथं शिरता येतं हे मला माहीत नव्हतं. बाहेर आली ती हाताला पांढरा रंग लागलेली. सकाळीच आणखी एक हात मारला होता, दार अजून ओलं होतं.
हे काय, म्हणाली. मी खांबाची हकीकत सांगितली. हिने मोबाइल पुढे केला. त्यात फोटो. तेच दार, तोच फुगवटा, तोच तडा. तारीख अठ्ठावीस ऑक्टोबर.
फुगवटा कंपनीच्या रंगातला दोष होता. ही बहिणीकडे जायच्या आधीच सर्व्हिस सेंटरला दाखवून आली होती. वॉरंटीत दार फुकट नवं रंगवून देणार, तारीख पंधरा. पत्र फाइलमध्ये, सगळ्यात वर. खाली लाल शाईत हिचं अक्षर: याला हात लावायचा नाही.
ड्रॉवरमधली लाल शाई लांबून दिसत नाही. हे मी सांगितलं. ही हात धुवायला गेली. रॉकेल लागलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
सर्व्हिस सेंटर. मला सोबत नेलं. काउंटरवर फोनवरची तीच मुलगी. मी आवाज ओळखला. तिनेही. मित्र कसे आहेत, विचारलं.
त्यांच्या माणसाने दार वाजवलं. ठक्क, भरीव. पत्र्याचा आवाज नव्हता, हे मला त्याच्याआधी कळलं. मुलगी हिला म्हणाली, मॅडम, आता या दाराची वॉरंटी आम्हाला देता येणार नाही, रंगाचीही नाही, गंजाचीही नाही. ही म्हणाली, मला माहीत होतं. फक्त ह्यांना ऐकवायला आणलं.
येताना गाडी हिनेच चालवली. दारांतलं पाणी डुचमळत होतं. वखारीच्या फाटकापाशी वळलो. खांब चांगला हातभर लांब राहिला.
मागे आवाज झाला. टक.
वळून पाहिलं. हिची स्टीलची पाण्याची बाटली, मागच्या सीटखालून घरंगळून दाराला आतून लागली होती.
ही समोर बघत म्हणाली, कसला हो आवाज?
म्हटलं, मला नाही आला.