दोन्ही हातांत डोकं

पाथर्डी, १० फेब्रुवारी १९९५

चि. यशोधरास,
काकाचा जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. गेल्या शनिवारी जीप खड्ड्यात आदळली आणि माझं डोकं टपाच्या लोखंडी दांडीवर. तेव्हापासून खाली बघवत नाही. कागद भिंतीला लावून लिहितो, तर पेन चालत नाही.

हातपाय ठीक, भूक ठीक. फक्त अंथरुणातून उठताना डोकं दोन्ही हातांनी धरून उचलावं लागतं, नाहीतर ते मागेच राहील असं वाटतं. तुझी काकू म्हणते, एवढं जपायला त्यात आहे तरी काय.

सूर्यभान न्हावी येत्या शुक्रवारी लेकीकडून परत येतोय. दाढीनंतर तो मान मोडून देतोच; या वेळी दोनदा मोडतो, असा त्याचा निरोप आहे. तू डॉक्टर, म्हणून विचारतो. आधी डावीकडून मोडून घ्यावी की उजवीकडून?

तुझा काळजीतला काका,
रंभाजी

पुणे, १३ फेब्रुवारी १९९५

ती. काकांना, जय भीम.

कुठल्याच बाजूने नको. डोकं हातांनी धरून उठता, हे वाचलं आणि तशीच लिहायला बसले. मानेचा वरचा मणका मोडला की माणूस असाच उठतो, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आज हातपाय चालतात म्हणून उद्या चालतील असं नाही.

मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा आणि उताणे झोपून, सावकाश, नगरला जा. तिथे तोंड उघडायला लावून मानेचा एक्स-रे फोटो काढतील, वरचा मणका तसाच दिसतो; वाद घालू नका. आणि हे पटलं तरी मान हलवून होकार देऊ नका.

काकूंवर भिस्त ठेवून,
यशोधरा

पाथर्डी, २ मार्च १९९५

चि. यशोधरास, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. काकूने पत्र वाचलं आणि सूर्यभानला वस्तऱ्यासकट उठवलं. उरलेली अर्धी तशीच घेऊन नगरला गेलो.

डॉक्टरांनी मान वळवून बघितलीच नाही. मूठ आवळायला लावली, पायाला टाचणी टोचून कळतं का विचारलं, मग फोटोसाठी म्हणाले तोंड उघडा. मी म्हणालो, दुखणं मानेत आहे, दात तर चारच उरलेत. तू बजावलं होतंस म्हणून तेवढ्यावरच थांबलो. सगळ्यात वरचा मणका तडकलाय, पण सरकला नाही. मान मोडून घेतली असती तर हे पत्र लिहायला मी नसतो, असं ते म्हणाले. सूर्यभानने हे ऐकल्यापासून तो दारातूनच तब्येत विचारतो.

आता तीन महिने गळ्याला पट्टा. एक विचारायचं मात्र राहिलं. शेजारी ज्वारीची मळणी चालू आहे, घरभर भुसा उडतो. पट्ट्यात शिंकलेलं चालतं का? काल दोन आल्या, नाक दाबून परत पाठवल्या. तिसरी किती दम धरेल सांगता येत नाही, तरी दोन ओळी लवकर टाक.

तुझा काका,
रंभाजी