दोरा शाबूत

४ सप्टेंबर, गुरुवार

आज तीन कुर्ते फाडले. तिन्ही एकसारखे, एकाच जागी — डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत. कॅमेरा डावीकडे असतो म्हणून आमच्या मालिकेतला गुन्हेगारही डावीकडूनच ओढतो! मूळ शिवण उसवायची, कच्चे टाके घालायचे, म्हणजे नुसता हात लावला की बाही टरकन निघते. वरून चहाचं पाणी, थोडी माती. दिग्दर्शक म्हणाले, "तुमच्या हाताला तोड नाही हो." अठ्ठावीस वर्षं कपडेपटात राबले त्याचं हे चीज.

मग इन्स्पेक्टरसाहेब, म्हणजे त्यांचं काम करणारा नट, आपलं जाकीट पीडितेच्या खांद्यांवर टाकतात. ही अकरावी पीडिता. जाकीट तेच! कॉलरवर प्रत्येकीच्या मेकअपचा डाग पडतो. तो काढायचा कुणी? मी.

६ सप्टेंबर, शनिवार

संध्याकाळी भाची कामावरून आली ती सरळ न्हाणीघरात. नंतर तिचा राखाडी कुर्ता माझ्या मशीनवर ठेवून दारात उभी राहिली. "काय गं?" म्हटलं, तर "काही नाही." तरी हलेना. हल्लीच्या मुलींना "शिवून दे" एवढं म्हणायचेही कष्ट!

उजव्या काखेत फाटला होता. गंमत म्हणजे शिवणीतला दोरा शाबूत आणि शिवणीलगतचं कापडच वीतभर फाटलेलं. एरवी आधी दोरा तुटतो. "जाडी झालीस का गं? की कापडच कुजकं?" असं म्हटलं. ती गेली. मी आतून पट्टी लावली, बारीक टाके घातले, धुऊन इस्त्री करून तिच्या कपाटात ठेवला. मुद्दाम शोधलं तरी सापडायचं नाही इतका साफ.

७ सप्टेंबर, रविवार

कंबर धरली आहे. दुसरं काही नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

कार्टीने नोकरी सोडली! चष्म्याच्या दुकानातली, बसून करायची, घरापासून दहा मिनिटांवरची नोकरी. विचारलं तर म्हणे पाय दुखतात. मालक किती भला माणूस! माझा चष्मा त्याने स्वतः बसवून दिला होता, कानामागे टोचतोय का म्हणून तीनदा विचारलं होतं. ताईने मुलगी माझ्यावर सोपवली आहे. आता तिला काय तोंड दाखवू? भाचीला खूप बोलले. तिने ऐकून घेतलं. उलट उत्तर नाही, रडणं नाही. त्याचा जास्तच राग आला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मालिकेला सल्ला द्यायला नवीन बाई आल्या आहेत. निवृत्त हवालदार. पांढरे केस, आवाज खणखणीत. फाटकी बाही बघून म्हणाल्या, "माझ्याकडे यायच्या त्या बहुतेक धड कपड्यांत यायच्या. अंघोळ करून, केस विंचरून. कितीतरी दिवसांनी. काही जणी तर दुसरंच काम काढून यायच्या, पाकीट हरवलं वगैरे." दिग्दर्शक हसले. "बाई, बाही फाटली नाही तर प्रेक्षकाला कळणार कसं?"

मीही हसले. पोटाचा प्रश्न आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

रात्रीचे दोन वाजलेत. तरी लिहिते.

संध्याकाळी आमचा भाग लागला होता. माझी कामगिरी बघायला भाचीला ओढून बसवलं. बाही फाटली, साहेबांनी जाकीट टाकलं, आणि ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "असं नसतं."

"काय नसतं?"

"कुणी जाकीट आणत नाही."

मग सांगितलं. दुकानाच्या मागच्या खोलीत डोळे तपासायचं यंत्र आहे. तिथे. मालकाने. या महिन्याच्या पहिल्या शनिवारी. नंतर त्यानेच तिला पाणी दिलं आणि म्हणाला, सोमवारी जरा लवकर ये. ती गेली! बुधवारपर्यंत जात राहिली, कारण गेली नाही तर मी कारण विचारीन.

आणि मला पहिल्यांदा काय सुचावं? तिच्या डाव्या खांद्याकडे बघितलं मी. देवा! ती माझ्यासमोर बसून हे सांगते आहे आणि मी बाही बघते आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

पोलीस ठाण्यात गेलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. अधिकारी बाई होत्या, वाईट नव्हत्या. भाचीने सगळं सांगितलं. मध्येच एक शिपाई दुसऱ्याला म्हणाला, "रडत कशी नाही ही?" आमच्याकडे रडायला डोळ्यांत थेंब घालतात रे बाबा!

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. पंधरा दिवस उलटलेत, हाती फार लागणार नाही म्हणे.

ठाण्यात परतल्यावर बाईंनी विचारलं, "त्या दिवशीचे कपडे?"

पिशवीतून कुर्ता काढला. बाईंनी उलटसुलट केला. "हा तर धड आहे."

"मी शिवला."

"धुतलात?"

"हो. इस्त्रीही केली."

तिथेच पट्टी उसवून फाटलेलं दाखवलं. त्यांनी नुसतं बघितलं, मग विचारलं, "तुम्ही काय करता?" सांगितलं. पेन थांबलं.

"म्हणजे कपडे फाडायचंच काम करता. उद्या त्याचा वकील विचारील, हे बाईंनी घरी बसून फाडलं नाही कशावरून? काय सांगाल?"

भाची माझ्याकडे बघत होती.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज एकही फाडला नाही. कात्री घेतली की काख दिसते. दिग्दर्शक ओरडले, मग हाताखालच्या मुलीकडून फाडून घेतला. तिला कच्चे टाके जमले नाहीत. बाही निघेचना, नट नुसता ओढतोय, सगळे हसतायत. मी कपडेपटात दार लावून रडले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

न राहवून हवालदारबाईंना गाठलं. सगळं सांगितलं. वाटलं, वेड्यात काढतील. त्यांनी एकच विचारलं, "कुर्ता शिवलात त्या दिवशी कुणाला बोलला होतात? कुठे लिहिलं होतंत?"

लिहिलं होतं! ही वही! दोरा शाबूत, कापड फाटलेलं, उजवी काख, तारीख. दुकानाचं नावही मनात नव्हतं तेव्हा लिहिलेलं. बाई म्हणाल्या, "नेऊन द्या. यावरच सगळं ठरेल असं नाही, पण तुम्ही घरी बसून फाडला, हे तरी कुणी म्हणणार नाही. पान फाडू नका हं, अख्खी वही द्या."

अख्खी. म्हणजे "जाडी झालीस का" हेही. "कार्टी" हेही. मालक किती भला माणूस, हेही. चार लोक वाचतील, त्याचा वकील मोठ्याने वाचील. वाचू देत. मला लाज वाटते, ती वाटायलाच हवी. पण त्यांच्याआधी हिने वाचलं पाहिजे. तिच्यापासून चोरून द्यायची नाही.

वही तिच्या उशीजवळ ठेवून आले. दारात उभी राहिले थोडा वेळ.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी वही परत मशीनवर. सहा तारखेचं पान उघडं. ती बाजूलाच बसली होती, चप्पल घालून, ठाण्यात जायला तयार.

म्हणाली, "मावशी, तो कुर्ता मी शिवायला ठेवलाच नव्हता. तू रोज फाडतेस ना — मला वाटलं, बघितलास की तुला कळेल."