समर्थची रंगांची चौकट

कुसगाव,
रविवार

प्रिय माज,

ईदला शीरखुर्म्याचा डबा देऊन गेलास, तो धुऊन ठेवलाय. अम्माराला सांग, तिच्या हातचा शीरखुर्मा काका दोनदा मागून प्यायले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतोच, पण आता भिंतीला धरून अंगणापर्यंत जातात.

त्या दिवशी निघताना, चपला घालता घालता तू म्हणालास, "काकी, लोकांच्या तक्रारी येतात, पण समर्थच्या कोडला हात लावायचा धीर होत नाही." मी नुसतं "बरं" म्हणाले. सोमाटण्याच्या अपघातात तो गेला, त्याला दोन वर्षं झाली, तरी त्याचं नाव निघालं की मला पुढचं ऐकू येत नाही. तुंगार्लीला तुझ्या खोलीत बसून तुम्ही दोघं ती रंग निवडायची चौकट बनवायचात. कोणीही घ्यावी, आपल्या वेबसाइटमध्ये बसवावी, फुकट. पहिल्यांदा चालली तेव्हा समर्थने लॅपटॉप माझ्या मांडीवरच ठेवला. ठिपका सरकवला की रंग बदलायचा. मी माझ्या साडीचा जांभळा शोधून काढला, तर केवढा हसला होता!

परवा आपल्या भाड्याच्या खोल्यांची वेबसाइट करायला घेतली. रंग निवडायला गेलो, तर तीच चौकट उघडली. काकांनी हट्टच धरला, पोराच्या चौकटीतला रंग मीच निवडणार. त्यांना आपल्या दाराचा हिरवा हवा होता. पण ठिपका धरला की हात थरथरायचा. हिरव्याचा निळा व्हायचा, निळ्याचा काळा. मी हात धरायला गेले, तर झटकला. मग कीबोर्डची बटणं दाबून पाहिली. ठिपका हलेना. शेवटी हात मांडीखाली दाबून बसून राहिले. मला वाटलं, आता रडतील. तर म्हणाले, "पोरानं लय चांगलं केलंय. पर तवा माझा हात असा नव्हता. आज त्यो असता, तर जेवण टाकून आधी ह्येच नीट केलं असतं त्यानं."

तू दारात काय सांगत होतास, ते मला तेव्हा कळलं. काकांसारखे हात असलेली माणसं तुला लिहीत असणार, आणि तू आमच्याकडे बघून थांबलायस.

माज, ती बदल. बटणांवर चालेल अशी कर. त्याचं लिहिलेलं पुसावं लागलं तर सगळं पूस. नाव राहिलं नाही तरी चालेल. हे मी काकांना वाचून दाखवलंय. त्यांनी रंग अजून निवडलेला नाही. तुझी वाट बघतायत.

तुझीच,
सविताकाकी