कोटाचं माप

बाबा,

टेबलावर तुमचा रविवारचा कोट उसवलेला दिसेल, दचकू नका. सकाळी उठून मीच उसवला, म्हणजे आता मला मागे फिरता येणार नाही. अस्तर पार विरलंय, नवं आणायला चाललेय. दहापर्यंत येते. चहा थर्मासमध्ये आहे, पण आधी गोळी.

तुमच्या आजारपणानंतर कोट दाबून लहान करायचा होता. मागच्या महिन्यात टेप लावली, तर तुम्ही श्वास रोखून छाती फुगवलीत. मला कळलं. तुम्ही किती उतरलात ते आकड्यात बघवेना, म्हणून टेप गुंडाळून ठेवली. मग काय, उद्या करू, परवा करू. मशीनला तेल घातलं, बटणं रंगांप्रमाणे लावली, शेजारच्यांचे पडदेसुद्धा शिवून दिले. आणि रोज गुडघे टेकून ‘प्रभू, बळ दे’ म्हणत बसले. प्रार्थनेचासुद्धा बहाणा केला मी! बळ त्यानं केव्हाच दिलं होतं, मीच उठत नव्हते. आज एवढंच म्हटलं, ‘प्रभू, चल माझ्याबरोबर,’ आणि कात्री उचलली.

माझ्या चालढकलीपायी तुमचे चार रविवार चर्चविना गेले. गुडघेदुखीचं निमित्त मला सांगू नका. ढगळ कोटात शास्त्रवाचनाला उभं राहायचं नव्हतं ना? चुकलं माझं, बाबा. या रविवारी वाचायला तुम्हीच उभं राहायचं.

मी आले की माप घेऊ. छाती फुगवू नका. आहात तेवढेच मला हवे आहात.