मेलेला ढीग

९ मे
अकोल्याहून उन्हातच आलो. शेड उघडलं अन् नाक धरलं. खताचा अख्खा ढीग सडला. तुराट्यांचा भुगा, सोयाबीनचं कुटार, फॉस्फेटच्या दगडाची भुकटी, वर आमची काळी बुरशी. तिनं आम्ल सोडायचं, दगडातला स्फुरद मोकळा करायचा, एवढंच तिचं काम. वास मातीचा यायला हवा. हा मेलेल्या उंदराचा. आत हात घातला: थंड, बुळबुळीत. दोनदा साबण लावला, तरी जेवताना...

१० मे
कारण सापडलं. विनू (हिचा भाऊ, माझा भागीदार) यानं ढीग झाकायला बियाण्याचे जुने बोरे घेतले. औषध चोळलेल्या बियाण्याचे. गुलाबी डाग अजून आहेत. बुरशी मारायचंच औषध ते, अन् वरून रोज पाणी.
"रिकामेच पडले होते भाऊजी. नवे कायले आणाचे?"

१५ मे
प्रयोगशाळेचा रिपोर्ट, विनूनं नेलेल्या नमुन्याचा. स्फुरद उत्तम म्हणे. मेलेल्या ढिगात?
संध्याकाळी मोटर चालू, विनूला वाटलं मला ऐकू येत नाही. फोनवर: "नमुन्यात मूठभर सुपर फॉस्फेट टाकलं, बस." वर हसला. त्या हसण्याचीच जास्त किळस आली.
विचारलं तर, "मंग काय फेकून देसान? शेतकऱ्याले काय समजते?"
हिला सांगितलं. "त्याले काढसान तर माहेरी मी कोणतं तोंड दाखवू?"

२१ मे
दर्यापूरचे प्रल्हादमामा ट्रॅक्टर घेऊन हजर. सायकलवर बियाणं विकायचो तेव्हाचं माझं पहिलं गिऱ्हाईक. यंदा डीएपी खत घेतलंच नाही म्हणाले. "तुह्या भरोशावर हावो बाप्पा. इनू म्हणते माल फस क्लास हाय. तू काय म्हणतं?"
तोंडातून निघालं, काटा बिघडला, मोजता येत नाही. काटा चांगला ठणठणीत आहे. मामा रिकामा ट्रॅक्टर घेऊन गेले, मला आंबे देऊन. खाववले नाहीत.

२३ मे
नवा ढीग घातला तरी पिकेपर्यंत पेरणी उलटून जाईल. खरं सांगावं तर विनू घराबाहेर, ही माहेरी, अन् दर्यापूरकडे पुन्हा कोणी माझा माल...
शेडवर गेलो. विनूनं मेलेल्या ढिगाचे सगळे बोरे भरून शिवून ठेवलेले. शिक्का माझ्या नावाचा.
तेवढ्यात मामांचा फोन. "काटा सुदरला काय?"
म्हटलं, पाहून सांगतो.