साहेबांनी ऐकलेलं कुठं गेलं

आप्पा,

तुमची केस गेल्या सोमवारी संपली. निकाल लागला असं मी म्हणत नाही, संपली म्हणतो. तडजोडीच्या कागदावर वारस म्हणून माझी सही आहे आणि आईच्या नावापुढंही माझीच, कारण तिनं मुखत्यारपत्र माझ्या नावानं करून ठेवलंय. तुमच्या बडतर्फीच्या पत्रात जी एक ओळ होती, 'डाय जाणूनबुजून बिघडवली', ती कुणी खोडली नाही. कंपनी थोडे पैसे देते, आपण केस सोडतो, आणि कुणाचं खरं होतं त्यावर हायकोर्ट काही बोलत नाही. वकीलबाईंनी हे मला फोनवर मराठीत समजावलं, कागद सगळा इंग्रजीत. मी नववीतनं शाळा सोडलेला माणूस, पण सही करायच्या आधी त्या कागदातही उतरवलेली ती ओळ मी बोट ठेवून ठेवून शोधली. सापडली. तिच्यावर रेघ नव्हती.

इथं दक्षिणेत, कामावरच्या माझ्या खोलीत ओडिशाचा एक पोरगा राहतो. त्यानं विचारलं, एवढं काय त्या डायचं? मी म्हणालो, अरे, पत्र्याला आकार देणारा तो साचा. प्रेसखाली बसतो, दणका पडला की पत्र्याचा दरवाजा नाहीतर बॉनेट होऊन बाहेर येतं. माझा बाप चाकणच्या कंपनीत त्या साच्यांचा फिटर होता. केसाएवढा खडबडीतपणा त्याला अंगठ्यानं कळायचा. अशा माणसाला तू साचा मुद्दाम फोडलास म्हणणं म्हणजे काय, ते तुला नाही कळणार. पोरगा म्हणाला, कळतं भाई. मग झोपला.

ते स्वयंपाकघर आठवतं का तुम्हाला? भोसरीच्या खोलीतलं, ओट्यापुढं दोघं उभे राहिले की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. तुम्ही कामावरनं काढल्याचं पत्र घेऊन आलाय. आई पुऱ्या करतेय, कारण माझा वाढदिवस आहे. ती विचारते, पण मोडली कशी? तुम्ही तिचं पुरीयंत्र ओढून घेता, त्यात एकावर एक दोन गोळे ठेवता आणि दांडा दाबता. दांडा वाकायला लागतो. आई ओरडते, "अवो, माझं यंत्र मोडतंय!" तुम्ही म्हणता, "आसंच झालं. माल लवकर काढा म्हणून वरनं तगादा, ऑपरेटरनं घाईत पत्र्याचं दोन तुकडं एकदम घातलं. डायचा वरला पंच तुटला. आन् सेटिंग म्या केलेलं." युनियनचा फॉर्म तुम्ही त्याच महिन्यात भरला होता, ते आईनं विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. पुऱ्या त्या दिवशी जाड झाल्या.

पुण्याच्या कामगार कोर्टात तुम्ही जिंकलात. आरोप शाबीत नाही, परत कामावर घ्या. आपण पेढे वाटले आणि तीच आपली चूक झाली, कारण पेढे संपायच्या आत कंपनी हायकोर्टात गेली आणि त्या निकालाला स्थगिती घेऊन आली. तोवर मला वाटायचं कोर्ट म्हणजे कोर्ट. मग कळलं, कोर्टाच्या वर कोर्ट असतं, आणि वरच्याला घाई नसते. तुम्ही दुसरीकडे कुठं नोकरी करत नाही असं प्रतिज्ञापत्र करून दिलं, केस चालू असताना पगार मागायचा तर ते द्यावं लागतं म्हणे. अन् तुम्ही ते इतकं मनावर घेतलंत की शेजारच्या मावशींनी विळीला धार लावून मागितली तर म्हणालात, "न्हाई जमायचं, म्या कोर्टाला लिहून दिलंय." मावशी हसल्या. मला लाज वाटली. तुमचे हात वर्षानुवर्षं मांडीवर पडून राहिले आणि मी शाळा सोडून पिंपरीला गॅरेजात लागलो. त्यावर तुम्ही रागावला नाहीत, हा राग मला अजून आहे.

एकदा वकीलबाई म्हणाल्या, शेजारच्या राज्याच्या हायकोर्टानं अगदी अशाच केसमध्ये कामगाराच्या बाजूनं निकाल दिलाय, मी तो दाखवणार आहे. तुम्ही खूष. "मग झालंच की." त्या म्हणाल्या, "नाही काका, तो आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही. साहेब वाचतील, पटला तर घेतील." तुम्ही विचारलंत, "कायदा तर देशाचा एकच हाय ना?" "कायदा एक, हायकोर्टं वेगळी. प्रत्येकाची हद्द आपली आपली." तुम्ही मान हलवलीत, जणू समजलं. बाहेर आल्यावर मला म्हणालात, "म्हंजी सीमेपलीकडं जन्मलो आसतो तर सुटलो आसतो." मी म्हणालो, "चला आप्पा, एसटी चुकंल."

आणि तो दिवस. वल्लभनगरच्या स्टँडवरनं पहिली एसटी धरून आपण हायकोर्टात पोचलो. तुम्ही लग्नातला सदरा घातलाय. उंच छत, काळे कोट, आणि सगळं बोलणं इंग्रजीत, पाण्यासारखं अंगावरनं जाणारं. तुमचं नाव मधेच ऐकू येतं तेवढं कळतं. कंपनीचा वकील पाऊण तास बोलला. मग जजसाहेबांनी हातानं त्याला थांबवलं, मागं बघितलं आणि मराठीत विचारलं, "ते गृहस्थ आलेत का? पुढं या. सेटिंग तर तुम्हीच केलं होतं ना?"

"व्हय साहेब. पन सेटिंग एका पत्र्याचं व्हतं. दोन घातलं."

"त्यानं एवढा पंच तुटतो?"

तुम्ही घुटमळलात. मग म्हणालात, "साहेब, घरात पुरीयंत्र असंल बघा. त्यात दोन गोळं एकदम ठिवून दाबायचं. दांडा काय म्हंतो ते हाताला कळतंय."

साहेब हसले. सगळं कोर्ट हसलं, पण साहेबांचं हसणं निराळं होतं. ते कंपनीच्या वकिलाला इंग्रजीत काहीतरी बोलले आणि तो खाली बसला. निकाल राखून ठेवला, लवकरच देऊ म्हणाले. परतीच्या वाटेवर एसटी वडापावला थांबली तर तुम्ही खाली उतरलाच नाहीत, खिडकीशी बसून होता. घरी आईनं विचारलं, काय झालं? "ऐकलं." "ऐकलं म्हंजी जिंकलो का?" "आगं, साहेबांनी ऐकलं. मला विचारलं. आजून काय पायजे?" तेवढ्यावर तुम्ही चार महिने जगलात. चांगले जगलात, दाढी रोज करायचात.

मग फोन. वकीलबाई स्पीकरवर, आपण तिघं कॉटवर. "काका, साहेबांना बढती मिळाली. दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेले." तुम्ही काय म्हणालात आठवतं? म्हणालात, "बरं झालं. भला मानूस." मग थोड्या वेळानं, "आन् आपला निकाल?" त्यांच्याकडनं तो द्यायचा राहिला होता. आता केस दुसऱ्या साहेबांपुढं, पहिल्यापासून. "म्या पुरीयंत्राचं सांगितल्यालं लिहून ठिवलं असंल की." "तोंडी बोललेलं फायलीत नसतं, काका." तुम्ही फोनकडं बघत विचारलंत, "मग साहेबांनी ऐकल्यालं कुठं गेलं?" बाई म्हणाल्या, "त्यांच्याबरोबर गेलं."

मी नंतर वकीलबाईंना भांडायच्या आवाजात विचारलं, असं कसं उचलून नेतात माणसाला? त्यांनी शांतपणे सांगितलं. दिल्लीच्या सगळ्यात वरच्या कोर्टातले मोठे न्यायाधीश नावं ठरवतात, सरकारकडनं कागद जातो, राष्ट्रपतींची सही होते. मुख्य न्यायमूर्ती शक्यतो दुसऱ्या राज्यातला आणायचा, म्हणजे तिथं त्याचं गणगोत नसतं, जुने अशील नसतात, कुणाची भीड पडत नाही. कुठल्या साहेबानं कुठल्या केसेस ऐकायच्या ते मग तोच ठरवतो, आणि तेही मधनंमधनं बदलतं. मला ते पटलं. पटलं म्हणून जास्त चीड आली. चोर असता तर शिव्या दिल्या असत्या. हे सगळं नीट विचार करून बांधलेलं होतं, आणि त्यात तुम्ही कुठं बसतच नव्हता.

आपल्या केसवर जे नवीन साहेब आले तेही बाहेरच्या राज्यातनं बदलून आलेले. सभ्य माणूस. मराठी येत नव्हतं. तुम्ही पुन्हा तोच सदरा घालून पुढं उभे, आणि तुमचं पुरीयंत्र वकीलबाईंच्या तोंडून इंग्रजीत गेलं, एका वाक्यात. कुणी हसलं नाही. तारीख मिळाली. मग त्या साहेबांकडच्या केसेस बदलल्या. मग आणखी एक तारीख.

घरी आल्यावर मी म्हणालो होतो, "आता जातो आणि खरंच त्यांची एखादी डाय फोडून येतो. निदान आळ तरी खरा होईल." तुम्ही मला मारलंत. आयुष्यात एकदाच, कानाखाली, अठरा वर्षांच्या पोराला. म्हणालात, "डायनं काय केलं तुझं?" मी घरातनं निघालो तो दोन दिवस चाकणलाच मित्राकडं राहिलो. पुढच्या तारखेला तुम्ही एकटे गेलात. त्याच वर्षी तुमच्या छातीत कळ आली, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात तीन दिवस काढलेत आणि गेलात. वकीलबाईंनी अर्ज करून तुमच्या जागी आईचं आणि माझं नाव लावलं. माणूस मेला तरी केस चालू राहते, तेवढी सोय आहे.

त्यानंतर मी कुठंच टिकलो नाही. हिंजवडीत कंपन्यांच्या कॅब धुतल्या, राजगुरुनगरला शटर बसवणाऱ्याबरोबर फिरलो, साणंदला गेलो, आणि मग ठेकेदारानं दक्षिणेत माणसं न्यायची आहेत म्हटल्यावर पहिला हात मी वर केला. का ते त्याला सांगितलं नाही. तुमचे साहेब ह्याच राज्याच्या हायकोर्टात होते. पहिल्या सुट्टीला दोन बस बदलून मी तिथं गेलो. त्यांना काही मागायचं नव्हतं. एकच विचारायचं होतं, साहेब, तुम्ही काय ठरवलं होतं?

गेटवरच्या पोलिसानं मोडक्या हिंदीत विचारलं, "केस नंबर?"

"यहां का नहीं है. महाराष्ट्र का है."

"तो यहां क्यों आया?"

"साहब हमारे उधर के हैं."

त्यानं बाजूच्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. माझ्या शेजारी एक म्हातारा हातात फायलीची पिशवी धरून उभा होता, तुमच्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी बटण लावलेलं. एकदम डोक्यात आलं की हा आत जाईल, आपल्या साहेबांपुढं उभा राहील, ह्याच्या भाषेत ह्याच्या घरातलं काहीतरी सांगेल आणि साहेबांना त्यातलं अक्षर कळणार नाही. आपल्याकडचा कान इथं आणून ठेवलाय आणि इथला कुणाचा तरी तिकडं. मी बस पकडली. ते आता रिटायरही झाले.

तुमचाही राग येतो मला, आप्पा. दोन मिनिटं कुणी ऐकून घेतलं तर एवढं खूष कशाला व्हायचं? पण खरं सांगायचं तर मीही थकलो. वकीलबाई म्हणाल्या, आत्ता सही केलीस तर संपेल, नाही केलीस तर मी सांगू शकत नाही. म्हणून केली.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. तिनं पहिलं हेच विचारलं, "आप्पांचं काय म्हणलं कोर्ट?" मी म्हणालो, "सुटले. डाय त्यांनी बिघडवली नव्हती म्हणाले जज." तोंडातनं सरळ निघालं, अडखळलोसुद्धा नाही. ती रडली, मग शेजारी ओरडून सांगत होती ते मला फोनवर ऐकू येत होतं. मग म्हणाली, "त्या निकालाचा कागद आण दिवाळीला. फ्रेम करून त्यांच्या फोटोपुढं ठिवते." हो म्हणालो. कागद तर एकच आहे, इंग्रजीतला, शिक्का असलेला. तोच आणणार. ती रोज त्याच्यापुढं उदबत्ती लावेल, आणि आत ती ओळ तशीच असेल.

इंग्रजी तुम्हालाही येत नव्हतं, म्हणून त्यात खरं काय लिहिलंय ते मराठीत लिहून काढलं. पण हे पत्र तुमच्या फोटोपुढं ठेवता येणार नाही. आईला मराठी वाचता येतं.